काचेवरचे दोन पापुद्रे

एकाच आठवड्यात अकरा मायक्रोस्कोप परत आले आणि अकरांचीही तक्रार एकच होती. डोळा लावला की मधोमध पिवळट-पांढरे कण दिसतात, आणि बाहेरून कितीही पुसा, ते जात नाहीत. मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कारखान्याची याहून मोठी नाचक्की नाही. समोरचा बिचारा रक्तातल्या पेशी बघायला बसतो आणि त्याला दिसतो कुणाच्या तरी डोक्यातला भुसा.

अकरावा आला त्याच संध्याकाळी मॅनेजरबाई कपडे बदलायच्या खोलीत आल्या आणि जोडणी करणाऱ्या भिंगताईचं नशीब असं, की तिने नेमका तेव्हाच पांढरा कोट काढला. आत काळा स्वेटर होता. त्याच्या खांद्यांवर कुणीतरी पीठ चाळल्यासारखं दिसत होतं. मॅनेजरबाईंनी खांद्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत खांद्यांकडे.

"तुम्हाला कोंडा झालाय," त्या म्हणाल्या.

"पण मी टोपी नीट घालते, बाई. कानांच्या खालपर्यंत. एक केस बाहेर नसतो."

"तुम्ही काळजी घेता, ते माहीत आहे मला. पण जोडणीच्या खोलीत तुम्ही चौघंच बसता आणि बाकी तिघांच्या खांद्यांवर काही नाही. पंधरा दिवस देते. त्या पंधरा दिवसांचा माल मी स्वतः उघडून बघणार. त्यात कण निघाले तर तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

पॅकिंगचं काम वाईट नव्हे. पलीकडच्या मोठ्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी, फोमचे तुकडे, चिकटपट्टी आणि दिवसभर रेडिओ. तिथल्या बायका मजेत असतात. पण भिंगताईला नऊ वर्षं पितळेच्या कड्यात भिंगं बसवायची सवय. श्वास रोखून, चिमट्याने, एकावर एक तीन भिंगं, मधे केसाएवढी फट. कडं फिरवत न्यायचं आणि ते अडायच्या एक क्षण आधी थांबायचं. हे काम तिला इतकं आवडायचं, की सुट्टीच्या दिवशी घरातल्या बरण्यांची झाकणंसुद्धा ती त्याच निगुतीने लावायची आणि नवरा हसायचा. कारखान्याने तिला नाव दिलं ते उगाच नाही. पॅकिंगमधे गेल्यावर त्या नावाचं काय लोणचं घालायचं?

खोलीतले बाकीचे दोघे तिच्यासारखेच जोडणी करणारे. चौथे मास्तर. मास्तर म्हणजे त्या खोलीतला शेवटचा डोळा. बत्तीस वर्षं झाली त्यांना. भिंगं बसवलेली प्रत्येक नळी उघडीच त्यांच्या टेबलावर जायची, ते वाकून आत बघायचे, हवेच्या रबरी फुग्याने एक फुंकर मारायचे, मग नळी बंद करून स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. तो ठिपका पडला की त्या नळीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. भिंगताईला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवलं म्हणजे रडवून शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कचरा ओळखल्याशिवाय पुसायचा नाही. धूळ असेल तर फुंकर. तेलकट असेल तर औषध. धुळीवर फडकं फिरवलंस तर काचेला ओरखडे, आणि तेलकटावर फुंकत बसलीस तर जन्मभर फुंकत बसशील."

घरी जाताना भिंगताईने औषधाच्या दुकानातून कोंड्यावरच्या औषधी शाम्पूची सगळ्यात मोठी बाटली घेतली. बाटलीवर लिहिलं होतं, आठवड्यातून दोनदा. तिने हिशोब केला, की आपल्याकडे आठवडे आहेत दोनच, तेव्हा रोज दोनदा लावू. सकाळी एकदा, कामावरून आल्यावर एकदा, अंगाला सोसेल तितक्या कढत पाण्याने, नखांनी खरवडून.

न्हाणीघराच्या दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज यायचा, "अगं, ते डोकं आहे की करपलेली कढई? घासशील किती!"

"कोंडा आहे, आई. घासल्याशिवाय निघणार कसा?"

"तेल घाल जरा. चांगलं कोमट करून."

"तेल घालून भिंगांच्या खोलीत गेले तर मॅनेजरबाई दारातूनच परत पाठवतील."

"मग बस खरवडत," असं म्हणून सासूबाई धुसफुसत निघून जायच्या. त्यांचा तेलावर फार विश्वास. गुडघा दुखो, दार कुरकुरो, त्यांचं औषध एकच.

पाच दिवसांत परिस्थिती सुधारायच्या ऐवजी हाताबाहेर गेली. आंघोळ झाली की डोक्याची कातडी इतकी ताणल्यासारखी व्हायची, की भुवया वर करायची सोय नाही. खाज सुटायची. उशीचा निळा अभ्रा बदलून तिने पांढरा घातला, म्हणजे निदान सकाळी उठल्याउठल्या बघायला नको. रडू यायचं तिला, आणि रडण्यापेक्षा जास्त राग यायचा. एवढं जिवापाड करतेय, तरी स्वतःचंच डोकं ऐकत नाही म्हणजे काय!

सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती खोलीत एकटीच होती. परत आलेल्या अकरा नळ्यांतली भिंगं साफ करायला तिच्याच टेबलावर ट्रेमध्ये ठेवली होती. सहा दिवस तिने त्या ट्रेला हात लावला नव्हता. आपलीच घाण बघायला कुणाला आवडतं? पण जेवण गोड लागत नव्हतं, हात रिकामे होते, म्हणून तिने एक भिंग उचललं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

कण चांगला मोठा होता. पिवळसर, कडेला जाड. तिने फुग्याने फुंकर मारली. कण जागचा हलला नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. मग चिमट्याच्या टोकाने तिने तो अलगद सरकवला, तेव्हा त्याच्यामागे काचेवर ओशट डाग उमटला आणि दिव्याच्या उजेडात त्या डागावर रंग चमकले.

ते तेल होतं, यात शंकाच नव्हती.

भिंगताई उठली ती तडक कपडे बदलायच्या खोलीत गेली. पिशवीतून आपली फणी काढली, फणीच्या दातांतला एक पापुद्रा साध्या काचपट्टीवर झटकला आणि परत येऊन तो भिंगाखाली धरला. हा पापुद्रा लहान होता, पातळ, पांढरा, कोरडा ठणठणीत. तिने फुंकर मारली तर डोळ्यादेखत नाहीसा झाला. दुसरा घेतला, तोही उडाला. काच मागे स्वच्छच्या स्वच्छ.

"हे माझं नाही," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाली. नळीतला एक कण एका पट्टीवर आणि आपला एक दुसऱ्या पट्टीवर घेऊन तिने दोन्हींवर पातळ काच चिकटवली, कडेला पेन्सिलने खुणा केल्या आणि पट्ट्या कागदात गुंडाळून खिशात ठेवल्या. आनंदाने तिला घाम फुटला होता. मग लक्षात आलं, की आनंद अर्धाच आहे. आपल्याला नक्की काय झालंय ते अजून कळलेलं नाही, आणि नळीतलं ते कुणाचं, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हसऱ्या होत्या. त्यांनी दिवा लावलेलं भिंग तिच्या भांगावर टेकवलं तेव्हा भिंगताईच्याने राहवेना.

"दहापट ना?"

"दहापटच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?" आणि मग केसांतून भिंग फिरवता फिरवता त्यांनी सगळं विचारून घेतलं. शाम्पू किती वेळा? पाणी कसं? हातांची बोटं भेगाळतात का, नडग्यांवर कातडी निघते का? कामाच्या जागी हवा कशी असते?

"एकदम कोरडी. ठेवावीच लागते. दमटपणा राहिला तर भिंगांवर बुरशी धरते."

"म्हणजे भिंगं वाचली आणि तुमचं डोकं सुकलं. हा कोंडा नाहीये. तुमची टाळू नुसती कोरडी पडलीय, हातापायांची कातडी फुटते ना, तशी. त्यात तुम्ही रोज दोनदा कढत पाणी आणि एवढं कडक औषध! होतं नव्हतं ते तेलही धुऊन काढलंत. ती बाटली आधी बंद. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा डोकं धुवायचं, सौम्य शाम्पूने, कोमट पाण्याने, बोटांच्या पेरांनी. नखं लावायची नाहीत. धुवायच्या अर्धा तास आधी चार थेंब तेल लावलंत तरी चालेल. पंधरवड्यात फरक दिसेल."

तेलाचं ऐकून भिंगताईला सासूबाईंचा चेहरा दिसला. आता महिनाभर त्यांच्यापुढे मान वर करायची सोय राहिली नाही.

"मग खरा कोंडा कसा ओळखायचा?" तिने विचारलं.

"तो तेलकट डोक्याचा आजार. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर एक बारीक बुरशी असते. तेलावर जगते. काहींच्या डोक्यात ती फार माजते, मग मोठे, पिवळट, चिकट पापुद्रे सुटतात. त्वचा लाल होते. नुसतं डोक्यात नाही, भुवयांत, नाकाच्या कडेला, कानांमागेही. खाज दोन्हींत असते, म्हणून माणसं फसतात. कोंडावाल्याला वाटतं आपलं डोकं कोरडं पडलंय, तो चोपून तेल लावतो, आणि बुरशीला घरबसल्या जेवण मिळतं. त्याला तुमची ती बाटली हवी. आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं ठेवायची, मग धुवायची. तीन-चार आठवडे नेमाने. तेल बंद."

डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि भिंगताईच्या डोळ्यांपुढे एक चेहरा हळूहळू स्पष्ट होत चालला होता. नाकाच्या कडेला लाली. पांढऱ्या भुवयांत अडकलेली खपली. चोपून बसवलेले चकचकीत केस, ज्यांचं सगळ्या कारखान्याला कौतुक. जेवणाच्या सुट्टीत कपाटातून निघणारी तेलाची चपटी बाटली. आणि उघड्या नळीवर वाकलेलं डोकं, टोपी मागे सरकवलेली, कारण इलॅस्टिकने खाज सुटते, आणि विचार करता करता चिमट्याच्या मागच्या टोकाने चाललेलं खाजवणं.

मास्तरांचे पापुद्रे खांद्यावर पडायचे नाहीत, तेलाने केसांतच चिकटून राहायचे. पडायचे ते खाजवल्यावर, नेमके नळीत.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. तेलाचंही सांगितलं, आणि सासूबाईंनी तो विजय साजरा करायला पुरती पाच मिनिटं घेतली. मग गंभीर झाल्या.

"मॅनेजरबाईंना सांगणारेस?"

"सांगितलं नाही तर माझी जागा जाते, आई. आणि सांगितलं तर त्यांची अब्रू जाते. त्यांनी मला हातात चिमटा धरायला शिकवलंय हो."

"मग आधी त्यांनाच सांग. एकट्यांना गाठून. आपली चूक आपण निस्तरायला माणसाला वेळ तर मिळू दे."

तिने दुसऱ्याच दिवशी मास्तरांना मागच्या पायऱ्यांवर गाठलं. ते चहा पीत बसले होते. तिने शाम्पूची बाटली त्यांच्याशेजारी ठेवली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

मास्तरांनी कप पायरीवर ठेवला.

"माझ्या डोक्यात कोंडा?"

"हो, मास्तर."

"माझं डोकं कोरडं पडतं. म्हणून तर तेल लावतो. हल्ली तेल पुरत नाही."

"तेलानेच वाढतोय तो. डॉक्टरांनी सांगितलं. मी कोरड्याला कोंडा समजून धूत बसले, तुम्ही—"

"बत्तीस वर्षं बसलोय मी त्या टेबलावर," ते उठले. "आणि तुझी जागा वाचवायला तुला माझं डोकं सापडलं होय?"

बाटली पायरीवर टाकून ते निघून गेले. भिंगताईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. बाटली उचलून तिने मास्तरांच्या कपाटावर नेऊन ठेवली आणि पाणी पिऊन कामाला बसली. त्या दिवशी तिच्या हातून एक भिंग निसटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दिवस मास्तर तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. नळी घ्यायची, बघायची, ठिपका द्यायचा. टोपी मात्र आता कानांपर्यंत घट्ट ओढलेली असायची. चौथ्या दिवशी कपाटावरची बाटली दिसेनाशी झाली. मास्तरांनी नेली, की झाडूवाल्या मावशींनी फेकली, कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची छाती नव्हती.

इकडे तिचं स्वतःचं डोकं रुळावर येत होतं. आठवड्यातून दोनदा सासूबाई तिला पुढ्यात बसवायच्या, चार थेंबांच्या जागी सहा थेंब घालायच्या आणि वर म्हणायच्या, "मोजलेत मी, चारच आहेत." ताण गेला, खाज गेली. तेराव्या दिवशी काळा स्वेटर काढून तिने खिडकीशी धरला. खांद्यांवर काही नव्हतं. ती एकटीच हसली. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिने पांढरा अभ्रा काढून निळा घातला.

पंधराव्या दिवशी मॅनेजरबाईंनी त्या पंधरवड्यातल्या दहा नळ्या मागवल्या आणि जोडणीच्या खोलीतच एकेक करून उघडल्या. पाच, सहा, सात नळ्या स्वच्छ निघाल्या. भिंगताईचा श्वास मोकळा व्हायला लागला होता. पण आठव्या नळीत कण होता, आणि नवव्यातही.

"तुमचे खांदे स्वच्छ दिसतायत, हे खरं," मॅनेजरबाई नरमाईने म्हणाल्या. "पण नळ्या नाहीत ना. उद्यापासून पॅकिंगला या."

भिंगताईने खिशातून कागदाची पुडी काढली. 

"बाई, एकदा हे बघा. ही काचपट्टी माझ्या फणीतल्या कणाची. आणि ही परत आलेल्या नळीतल्या कणाची."

मॅनेजरबाईंनी डोळा लावला. एक पट्टी, मग दुसरी, मग परत पहिली. त्या काही लेच्यापेच्या नव्हत्या, याच कामातून वर आलेल्या.

"हा कोरडा आहे. हा तेलकट," त्या सावकाश म्हणाल्या. "ही दोन वेगळी माणसं आहेत."

"हो."

"मग दुसरं कोण?"

भिंगताईने तोंड उघडलं. नाव अगदी ओठांवर होतं. पाठीमागे मास्तरांचं स्टूल होतं, आणि तिकडे न बघताही ते तिथे बसलेत हे तिला मानेला जाणवत होतं. तिने तोंड मिटलं. 

स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला.

"तिसरी पट्टी घ्या," मास्तर म्हणाले.

ते टेबलाशी आले. टोपी काढली. चिमट्याने त्यांनी आपल्या भुवईतली एक खपली काढली, साध्या काचपट्टीवर ठेवली, रबरी फुगा उचलून वरून तीन वेळा फुंकर मारली आणि पट्टी स्वतःच्या हाताने भिंगाखाली सरकवली.

"बघा, बाई."

मॅनेजरबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली.

"माझंच आहे ते," मास्तर म्हणाले. "हिने मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी हिलाच बोललो. औषध लावतोय आता. टोपी नीट घालतोय. पहिल्यापेक्षा कमी आहे, पण गेलेलं नाही. हिच्या जोडणीत कधी कण निघालेला नाही. ठिपका मी दिलाय, चूक माझी."

"मास्तर, मग शेवटची तपासणी कोण करणार?"

"ही."

"आणि तुम्ही?"

"डोकं साफ होईपर्यंत मी पॅकिंगला," ते म्हणाले, आणि लाल रंगाची छोटी कुपी त्यांनी भिंगताईच्या टेबलावर आणून ठेवली. तिच्याकडे बघितलं नाही. पण ठेवताना कुपीचं तोंड तिच्या उजव्या हाताला येईल, असं फिरवून ठेवली. भिंगताईला भरून आलं, आणि डोळे पुसायला खोलीत लेन्स पुसायच्या कागदाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मास्तर पॅकिंगमध्ये रमले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिल्याच दिवशी त्यांनी फोमचे तुकडे वाकडे कापलेत म्हणून तिथल्या बायकांना धारेवर धरलं. तिसऱ्या दिवशी त्या बायकांनी त्यांना धारेवर धरलं आणि मग गाडी सुरळीत चालली. तेलाची चपटी बाटली त्यांनी घरी नेली. आठवड्यातून दोनदा औषध, घड्याळ लावून पाच मिनिटं. डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. भिंगताईच्या टेबलावरून रोजच्या रोज नळ्या बाहेर पडत होत्या आणि महिन्याभरात एकही परत आली नाही.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी, जेवणाच्या सुट्टीत, मास्तर जोडणीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी हातात धरली होती. नाकाच्या कडेची लाली गेली होती, केस कोरडे, भुरभुरीत झाले होते आणि त्यामुळे ते दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते, पण चेहरा मात्र ताजा होता.

"बघ," एवढंच म्हणाले आणि तिच्या स्टुलावर बसून त्यांनी दिव्याखाली मान खाली घातली.

भिंगताईने दहापटीचं भिंग घेतलं. तिने हे डोकं कधी वरून पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं ते तिच्या कामावर वाकलेलंच पाहिलं होतं. पेरांनी केस बाजूला करत तिने भांग पाहिला, शेंडीची जागा पाहिली, भुवया पाहिल्या. सगळं स्वच्छ होतं. मग तिने डावा कान पुढे वाकवला.

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं म्हणजे जिवावर येत होतं.

"कानामागे अजून थोडं आहे, मास्तर," ती म्हणाली. "आठवडाभर थांबा."

 मास्तर मान खाली घालूनच हळूच हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी टोपी चढवून कानांखाली ओढली.

"नापास केलंस मला."

"हो."

"बरोबर केलंस. आता टेबल कुणाकडे सोपवून जायचं याची काळजी नाही," असं म्हणून ते उठले आणि खोकी बांधायला पलीकडे निघून गेले.